कॅनन पिक्स्मा एमजी २५७०एस: 'शाई संपली' म्हणतो तेव्हा खरंच संपलेली असते का?

या प्रिंटरमध्ये शाई मोजणारा सेन्सरच नाही. घेण्याआधी एवढं माहीत असलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

कॅननच्याच जुन्या सुट्या टाक्यांच्या तळाशी प्लास्टिकचा लोलक असायचा. शाई उतरली की त्यावर टाकलेला प्रकाश परत फिरायचा आणि प्रिंटरला खरोखर कळायचं. इथल्या पीजी-७४५ (काळी) आणि सीएल-७४६ (रंगीत) कार्ट्रिजमध्ये शाई स्पंजात असते, प्रिंटहेड (कागदावर शाईचे थेंब उडवणारा भाग) कार्ट्रिजलाच असतं आणि प्रिंटर नुसता हिशेब ठेवतो. किती थेंब उडवले, क्लीनिंगमध्ये (हेडची छिद्रं साफ करताना) किती गेले, तेवढं वजा. दूधवाल्याच्या कार्डावरच्या खुणाच म्हणा. पातेल्यात किती उरलंय ते कार्ड सांगत नाही.

काळ्या कार्ट्रिजमध्ये ८ मिली शाई असते आणि कंपनी १८० पानं सांगते. म्हणजे पानाला जेमतेम ०.०४४ मिली. सोसायटीची नोटीस या हिशेबात बसते. गडद पार्श्वभूमीच्या कॉलेजच्या स्लाइड्स अजिबात बसत नाहीत.

पडद्यावर 'ई १३' आलं तर शाई बहुधा संपत आली आहे, 'ई १६' आलं तर प्रिंटरच्या हिशेबाने ती संपली. दोन्ही वेळी स्टॉप बटण किमान ५ सेकंद दाबून धरा. छपाई पुढे सुरू होते, पण त्या कार्ट्रिजची शाईमोजणी बंद होते. ही सोय या प्रिंटरची सर्वात चांगली बाजू आहे. रिफिल केलेलं कार्ट्रिज प्रिंटरला रिकामंच दिसत राहतं, ते चालतं ते याच बटणामुळे.

मात्र त्यानंतर राखण आपल्याला करायची. या हेडमध्ये प्रत्येक छिद्रामागे बारीकसा हीटर असतो. शाईचा बुडबुडा करून तो थेंब ढकलतो आणि त्याला गार ठेवते ती शाईच. कोरडं चालवलं की हीटर जळतो. मग कितीही रिफिल करा, ते कार्ट्रिज गेलं. छापताना पांढऱ्या रेघा दिसल्या की पान अर्ध्यावर असलं तरी थांबवा.

खात्रीचा उपाय स्वयंपाकघरात आहे: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा. नवं काळं कार्ट्रिज हेडवरची संरक्षक पट्टी काढून, बसवण्याआधी तोला आणि वजन चिकटपट्टीवर लिहून वर लावा. शाईचा १ मिली साधारण १ ग्रॅम. वजन ६ ग्रॅमने घटलं की भरायची वेळ झाली. स्पंज पूर्ण सुकू देऊ नका. भरताना सिरिंजने ५ मिली, अगदी सावकाश. घाई केली की स्पंजात हवा अडकते आणि शाई खालून गळते. नंतर ओल्या टिश्यूवर हेड टेकवा: काळ्याची एक सलग रेघ, रंगीताच्या तीन वेगळ्या पट्ट्या उमटायला हव्यात. रंग मिसळलेले दिसले तर बसवू नका.

क्लीनिंग पुन्हा पुन्हा करू नका; त्यात शाई जाते आणि डीप क्लीनिंगमध्ये तर फारच. गुरुवारी वीज जाणार असेल तर प्रिंटर आधी त्याच्याच बटणाने बंद करा. थेट बोर्डाचं बटण बंद केलं तर हेडवर झाकण बसत नाही आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छिद्रं सुकतात.

महिन्याला वीस-पंचवीस पानं छापणाऱ्या घराला हा प्रिंटर जरूर घ्यावा. शंभरच्या वर जात असाल तर पारदर्शक टाकीचा घ्या, तिथे पातळी डोळ्यांना दिसते. आणि कार्ट्रिज विकत घेताना खोक्यावरचा आकडा शेवटपर्यंत वाचा: पीजी-७४५एस म्हणजे कमी शाईचं छोटं कार्ट्रिज, दिसायला जवळपास तसंच.