नागपूरच्या उन्हात कारंज्याचं तळं केलं, त्याला दहा महिने झाले

बाबांनी निवृत्तीनंतर परसदारी मोठ्या हौसेनं कारंजं बांधून घेतलं होतं. सहा फूट बाय चार फुटांचं सिमेंटचं टाकं, दीड फूट पाणी, मागे कडप्प्याची उभी फरशी आणि तिच्यावरून ओघळणारी धार. ते गेल्यावर पंप बंद पडला आणि टाक्यात डासांच्या अळ्या व्हायला लागल्या. बुजवायला मन होईना. म्हणून गेल्या नोव्हेंबरात त्याचं माशांचं तळं केलं. आता थंडी, नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा, तिन्ही बघून झालेत.

पहिलं काम खोलीचं. दीड फूट पाणी आपल्याकडच्या उन्हात भराभर तापतं आणि माशांना खाली जायला गारवाच उरत नाही. तळाखालून पाइप गेल्यामुळे खोदता येईना, तेव्हा मिस्त्रींनी कठडा फूटभर वर घेतला. अडीच फूट झालं, काठोकाठ भरलं तर सतराशे लिटर. पण जमिनीच्या वर आलेली भिंत उन्हात तापते, हे मार्चमध्ये कळलं. तुमच्याकडे खोदता येत असेल तर खोदाच.

नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) नऊच्या वर जातो, त्यात मासे तगत नाहीत. मी लगेच मासे आणायला निघालो होतो. मिस्त्री म्हणाले, "काहून घाई करता भाऊ? केळीचा खांब कापून टाका आत, आठ दिवस राहू द्या." खांबाचे तुकडे टाकून आठ दिवसांनी पाणी उपसायचं, असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा पीएच तपासायच्या पट्टीवर आठ दिसला.

फिल्टर म्हणजे पन्नास लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, आत स्पंज आणि जाड खडी. कारंज्याचा पंप पाणी ड्रममध्ये चढवतो आणि तिथून ते पुन्हा बाबांच्या फरशीवरून खाली येतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजावर आणि खडीवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पहिला महिना फक्त सहा गप्पी, म्हणजे डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे, ठेवले. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरिननं ते जिवाणू मरतात. तळ्यातलंच बादलीभर पाणी काढून त्यात पिळायचा.

दुकानदार कोई जातीचे मासे घ्या म्हणून मागे लागला होता. बोटभर असताना ते सुंदर दिसतात, पण वाढून दीड-दोन फुटांचे होतात. एवढ्या टाक्यात त्यांना कोंडणं मला पटलं नाही. गप्पी आणि पाच कॉमेट गोल्डफिश घेतले. गप्पींनी अळ्यांचा प्रश्न पंधरा दिवसांत संपवला. डिसेंबरात पहाटे पाणी सोळा अंशांवर यायचं, तेव्हा काही गप्पी दगावले. गोल्डफिशना थंडी मानवली.

उन्हाळ्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं. मार्चअखेर दुपारी पाणी तेहतीस अंश, आणि हिरवंगार. शेवाळ मारायचं औषध टाकलं नाही, कारण मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. वर हिरवी शेडनेट बांधली, पश्चिमेच्या भिंतीला बारदान लावून ते दिवसातून दोनदा ओलं करायला लागलो. माठ गार होतो त्याच न्यायानं भिंत गार राहते, आपली कोरडी हवा इथे कामी येते. भर मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस असताना, पाणी दुपारी चौतीसच्या वर गेलं नाही.

मला वाटलं, जिंकलो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, एका रात्री दोन वाजता लाइट गेली, पंप थांबला आणि आम्ही गच्चीवर झोपलेलो. साडेपाचला आई पाणी घालायला खाली गेली आणि तिनं हाक मारली. पाचही गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थरात तोंडं काढून उभे, कल्ले जोरजोरात हलताहेत. शेपटी हलवायचंही त्राण नव्हतं. "उंचावरून ओत रे, वरून!" आई म्हणाली आणि स्वतः तांब्यानं तळ्यातलंच पाणी घेऊन खांद्याच्या उंचीवरून परत ओतायला लागली. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही दोघं ओतत होतो. तीन वाचले, दोन गेले. गप्पींना काही झालं नाही. त्यांचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, पृष्ठभागालगतचं हवा मुरलेलं पाणी ते सहज घेतात.

पाणी वीस अंशांवर असताना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू धरू शकतं, तीस अंशांवर साडेसात. माशाची गरज मात्र उष्णतेनं वाढते. त्यात सावलीसाठी मी पाऊण तळं जलपर्णीनं भरू दिलं होतं. झाडं दिवसा प्राणवायू देतात, रात्री घेतात, म्हणून खरा धोका दुपारी दोनला नसतो, पहाटे चारला असतो. मी दुपारचं थर्मामीटर बघत बसलो आणि रात्रीकडे लक्ष दिलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. दुसऱ्याच दिवशी पंप घरच्या इन्व्हर्टरवर घेतला. अठरा वॅटचा आहे, चोवीस तास चालला तरी महिन्याला तेरा युनिट. शिवाय लाइट गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप आणला. जलपर्णी काढून एक तृतीयांशावर आणली. खाणं उन्हाळ्यात थोडं, आणि सकाळी नऊनंतरच.

पाण्याची बाब लपवणार नाही. मे महिन्यात रोज दोन बादल्या उडून जायच्या. नुसती भर घालत राहिलं तर क्षार साठतात, म्हणून दर दहा दिवसांनी पाचवा हिस्सा काढून मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला घालतो. भरायचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवतो, क्लोरिन उडून जायला. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो त्यांनी हे करू नये, असं मला मनापासून वाटतं.

जुलैतल्या एका रात्रीच्या पावसात तळं भरून वाहिलं आणि गप्पीची पिल्लं नालीत गेली. आता काठाखाली चार बोटांवर जाळी लावलेला पाइप आहे. खंड्या तारेवर येऊन बसतो, त्याच्यासाठी शेडनेट बाजूंनीही खाली ओढली.

ते तीन गोल्डफिश आता वितीएवढे झालेत. आई नऊला डबी वाजवते, तेव्हा ते फरशीच्या धारेखाली येऊन थांबतात.