इंटार्सियासाठी घासायची मशीन घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

"इंडक्शन मोटर, ७५० वॉट, ६००० आरपीएम, शंभर टक्के कॉपर, ड्रम गोल फिरतो आणि वर-खालीही होतो." सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावात व्हॉट्सॲपवर आलेल्या जाहिरातीत हे सगळं ४,४९९ रुपयांत होतं. ड्रम गोल फिरतो एवढं सोडलं तर यातली एकही गोष्ट खरी निघाली नाही. तीच जाहिरात आता मूल, नागभीडकडच्या सुतारांच्या ग्रुपवर फिरते आहे, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

आमचं काम इंटार्सियाचं. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे कापायचे, प्रत्येकाला गोलाई द्यायची आणि जोडून चित्र उभं करायचं. ताडोबाला येणाऱ्या पर्यटकांना वाघ हवा असतो. वाघाचं पिवळं अंग हळदूचं, पट्टे शिसवाचे, गालाचा पांढरेपणा शिवणीचा, मागची जमीन सागाची. आरा मशीनवरून बिलासह घेतलेले उरलेले तुकडे यात कामी येतात. रंग लावायचा नसतो, लाकडाचा स्वतःचा रंग हाच माल. त्यामुळे घासताना तुकडा करपला तर तो फेकावाच लागतो, वरून काही झाकता येत नाही.

म्हणूनच पॉलिश पेपर चढवलेला, वर-खाली होणारा ड्रम हवा होता. नुसता गोल फिरणारा ड्रम एकाच पट्ट्यावर घासत राहतो. तिथला पॉलिश पेपर भरतो, गरम होतो आणि लाकडावर काळा डाग पडतो. ड्रम वर-खाली होत राहिला की पेपर सगळा वापरला जातो आणि ओरखडेही एकावर एक साचत नाहीत.

फोनवरचा माणूस गोड बोलायचा. बुकिंगचे ५०० रुपये यूपीआयने घेतले, बाकीचे पार्सल हातात देताना. पैसे मोजल्याशिवाय कुरिअरवाला खोका उघडू देत नव्हता. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही. बंद पाकिटातल्या मालावर हे छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. कोरा खोका दिसला की पार्सल तिथूनच परत करा.

मशीन चालू केली तर ड्रम जागच्या जागी फिरला. वर-खाली होण्याची यंत्रणा आत नव्हतीच. ड्रम थोडा डुलतही होता, त्यामुळे कडेला लाटा उमटल्या. शिवणीचा पहिलाच गाल करपला. सोबतच्या पेपरांवर ८०, १२०, २४० असे खरखरीतपणाच्या नंबरांचे स्टिकर होते (नंबर जितका मोठा तितका पेपर मऊ), पण बोट फिरवलं तर तिन्ही सारखेच खरखरीत. चांगल्या पेपरच्या पाठीवर पी८०, पी१२० असं छापलेलं असतं, इथे पाठ कोरी. ड्रमवर चढवायची पेपरची नळी थोडी वाकवली तर सांध्यावरच फाटली.

तालुक्याच्या वायंडिंगवाल्याकडे मशीन नेली. त्यानं खोलून मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बन ब्रश दाखवले. "भाऊ, हे तं मिक्सरसारखी मोटर हाय. इंडक्शनमंदी कार्बन कुठून येतीन?" मग तारेवर ब्लेड घासलं. वरचा तांबूस थर निघाला आणि आतून पांढरं ॲल्युमिनियम चमकलं.

इंडक्शन आणि ६००० आरपीएम हे एकत्र असूच शकत नाही, हे त्यानंच समजावलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यावर दोन पोलची इंडक्शन मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या पुढे जातच नाही, प्रत्यक्षात २८०० च्या आसपास राहते. चार पोलची साधारण १४४०. विजेचे हर्ट्झ बदलून वेग वाढवणारा व्हीएफडी लावलेला नसेल तर ३००० हून मोठा आकडा म्हणजे सरळ खोटं.

वॉट घरच्या मीटरवर तपासता येतात. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं लिहिलं आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून, मशीनवर लाकूड दाबून, लाल दिव्याची उघडझाप मोजायची. मशीन खरोखर ७५० वॉट ओढत असेल तर मिनिटाला ४० वेळा लुकलुकेल. रिकामी मोटर कमी वीज घेते, म्हणून दाब देऊनच मोजायचं. आमच्या मशीनला आठ मिळाले, म्हणजे १५० वॉट. एवढ्या ताकदीत हळदूला गोलाई येत नाही, मोटर अडते आणि जळका वास येतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी "इंजिनिअर येईल" म्हणाला, नंतर नंबर ब्लॉक केला. गरिबाच्या हातातल्या कामाचे पैसे असे उचलणाऱ्याचा मला आजही संताप येतो. १९३० वर सायबर तक्रार केली आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही. पैसे अजून आलेले नाहीत. १९३० ला फोन जितका लवकर जाईल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी थांबण्याची शक्यता जास्त, त्यामुळे विक्रेत्याच्या आश्वासनांवर दिवस घालवू नका. खोका, पावती, चॅट आणि उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

स्वस्तात काम होतच नाही असं मुळीच नाही. मी आता स्टँडवर बसवलेल्या ड्रिल मशीनला रबरी ड्रम लावतो. हँडलनं तो स्वतः वर-खाली करता येतो, फक्त बाजूनं जोर हलका ठेवायचा. कडांच्या गोलाईला फ्लॅप व्हील, म्हणजे पेपरच्या पट्ट्यांचं चाक. ८० ने आकार, १२० ने ओरखडे काढणं, २२० ने शेवटचा हात. पैसे वाचवायचेच तर मशीनवर वाचवा, पेपर मात्र कापडी पाठीचा आणि नंबर छापलेलाच घ्या. शिसवाची धूळ छातीला आणि कातडीला त्रास देते, तेव्हा एन९५ मास्क लावूनच घासा.

आणि कुणी वर-खाली होणाऱ्या ड्रमची मशीन विकत असेल तर त्याच्याकडून एक व्हिडिओ मागा. शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद आणि फिरत्या ड्रमला स्थिर धरलेली पेन्सिल. ड्रम खरंच वर-खाली होत असेल तर नागमोडी रेघ उमटेल, नसेल तर एकच सरळ कडं. आम्हाला पाठवलेला व्हिडिओ दुसऱ्याच मशीनचा होता.