प्लाया देल कार्मेनला जाताय? आधी हे वाचा

मेक्सिकोत कानकूनच्या खाली प्लाया देल कार्मेन आहे, अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी सुट्टीत जातात. नाशिकहून आईबाबा आले होते म्हणून आम्हीही गेलो. समुद्र सुंदरच आहे, पण किंता आवेनिदा म्हणून जो चालायचा बाजाररस्ता आहे ना, तिथे डोळे उघडे ठेवा.

कोसुमेल बेटाच्या फेरीधक्क्याजवळच्या एका हॉटेलात जेवलो. वेटर ताटात अख्खा ताजा मासा घेऊन आला, मेन्यूत ९५ वर बोट ठेवलं, बाबा म्हणाले घेऊया. बिल आलं तर नुसत्या माशाचेच हजार पेसोच्या (तिकडचं चलन) वर! ९५ हा शंभर ग्रॅमचा भाव होता, ते खाली बारीक अक्षरात, आणि मासा सव्वा किलोच्या आसपास. वर १५ टक्के टिप आधीच बिलात धरलेली, तरी कार्ड मशीनवर परत टिप विचारतात आणि वेटर समोरून हलत नाही. मग मशीन विचारतं डॉलर की पेसो, तो स्वतःच डॉलर दाबायला निघाला होता, मी हात धरला. डॉलर घेतलं की रेट ते ठरवतात आणि तो बँकेपेक्षा वाईटच असतो, कायम पेसोच घ्या. तिकडे पेसोलाही $ हेच चिन्ह आहे, त्यामुळे ऑर्डरच्या आधीच विचारा, पेसो का डॉलर, आणि मासा असेल तर पूर्ण माशाचे किती. टिप तिकडच्या कायद्याने ऐच्छिक आहे, प्रोफेको म्हणजे त्यांची ग्राहक संस्था हेच सांगते. मी प्रोफेकोचं नाव घेतल्यावर बिलातली टिप निघाली, माशाचे मात्र द्यावेच लागले.

सुट्टे घेतानाही जपून. २०१८ पासूनची ५०० ची नोट निळी आणि जुनी २० ची पण निळी, दोन्हीवर त्यांचे जुने राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस. ५०० दिले की "तुम्ही २० च दिले" म्हणतात, म्हणून नोट देताना आकडा मोठ्याने बोला.

सगळ्यात जास्त राग आला तो चांदीचा. आईला कडं आवडलं, आत ९२५ चा शिक्का (म्हणजे ९२.५ टक्के चांदी), दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, बघा म्हणे अस्सल. आई खूश. नाशिकला आमच्या सराफाने घासून बघितलं तर चांदी नाहीच, तांबं निकेल जस्ताचा मिश्रधातू. तिकडे त्याला अल्पाका म्हणतात आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही, मग ती परीक्षा कसली? शिक्का तर कोणीही मारू शकतं. आईचा चेहरा एवढासा झाला फोनवर, तिने ते भाचीच्या लग्नासाठी घेतलं होतं हो.

दुकानाच्या पावतीवर नुसतं "कडं" आणि रक्कम, चांदी हा शब्दच नाही, त्यामुळे तक्रार कशावर करणार. तुम्ही घेणार असाल तर पावतीवर "प्लाता ९२५" (प्लाता म्हणजे चांदी) आणि वजन लिहून मागा, लिहून देत नसेल तर सरळ बाहेर पडा.