ऑर्टनचे सेल्फ-सपोर्टिंग कोन: डिजिटल कंट्रोलर असला तरी घ्याच

ज्यांच्याकडे कंट्रोलरवाली इलेक्ट्रिक भट्टी आहे आणि जे म्हणतात आता कोन कशाला, स्क्रीनवर सगळं दिसतं की, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) वाहून शेल्फला चिकटलं, किंवा त्याच बादलीतलं ग्लेझ मागच्या वेळी चकचकीत आलं आणि आता कोरडं खरखरीत, असं झालं की पहिला राग ग्लेझवर निघतो, रेसिपी बदलायला घेतात, मातीवाल्याला फोन जातो, आणि बऱ्याचदा गडबड भट्टीतच असते पण ती कुणी बघतच नाही.

कोन म्हणजे सिरॅमिकचा छोटासा निमुळता सुळका, पुरेशी आच लागली की मऊ होऊन वाकतो. अमेरिकेत ओहायोमध्ये एडवर्ड ऑर्टन ज्युनिअर यांनी १८९६ मध्ये हे बनवायला सुरुवात केली, त्यांचेच नंबर आज आपण वापरतो (नंबर जितका मोठा तितकी आच जास्त, पण पुढे शून्य असेल तर उलटं, ०६ पेक्षा ०४ गरम). कोन नुसतं तापमान दाखवत नाही, तापमान आणि वेळ मिळून भांडी किती भाजली गेली ते दाखवतो, आणि सगळी मेख इथेच आहे. शेवटच्या टप्प्यात ताशी ६० डिग्रीने चढवलं तर कोन ६ साधारण १२२२ सेल्सिअसला पडतो, ताशी १५० ने पळवलं तर १२४३ लागतात. म्हणजे स्क्रीनवर आकडा तोच, पण एकदा माल कच्चा आणि एकदा नीट.

आता आपल्याकडचं व्होल्टेज बघा. २३० चं २१० झालं की एलिमेंटची (भट्टी तापवणाऱ्या तारांची) ताकद जवळजवळ १७ टक्के घटते, त्यात एलिमेंट जुने झाले की त्यांचा रेझिस्टन्स वाढतो, ताकद अजून कमी, मग भट्टी शेवटचे शंभर डिग्री रडतखडत चढते, कंट्रोलर बिचारा ठरलेल्या आकड्यावरच बंद करतो पण तोवर भांड्यांनी एवढा वेळ आच खाल्लेली असते की ग्लेझ वाहतं आणि कधीकधी मातीलाही फोड येतात. के टाइप थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजून कंट्रोलरला सांगणारा सेन्सर) झिजलं की ते सहसा खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतं, म्हणजे परत जास्तच भाजणार. यातलं काहीही स्क्रीनवर दिसत नाही. कोनवर दिसतं.

मी ५, ६, ७ असे तीन शेजारी शेजारी ठेवते, एक संच वरच्या शेल्फवर आणि एक खालच्या. ५ पूर्ण आडवा, ६ चं टोक तळाच्या पातळीला आलेलं आणि ७ जेमतेम झुकलेला, म्हणजे फायरिंग झकास. वर ७ लोळलाय आणि खाली ६ अजून उभाच आहे असं दिसलं तर रेसिपीला हात लावू नका, एलिमेंट तपासा, माल किती दाटीने भरलाय ते बघा.

आणि कोन बरोबर पडलाय तरी माल खराब, हेही तितकंच कामाचं, कारण मग भट्टीवरचा संशय जातो. पिनहोल, म्हणजे ग्लेझमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं, असतील तर बहुतेक बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) कमी पडलंय, मातीतला गॅस ग्लेझमधून बाहेर येतोय, बिस्क ०६ वरून ०४ ला नेऊन आणि हळू चढवून बघा. ग्लेझ गोळा होऊन मधे उघडी माती दिसतेय तर धूळ, हाताचं तेल किंवा फार जाड थर. जाळीसारखे बारीक तडे असतील तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय, सिलिका थोडी थोडी वाढवून टेस्ट टाइल करा. बिस्क झाल्यावर काही दिवसांनी पापुद्रा उडून आत पांढरा ठिपका दिसला तर तो मातीतला चुन्याचा खडा, तिथे कोन काहीच करू शकत नाही, माती बारीक चाळणीतून गाळायला हवी.

सेल्फ-सपोर्टिंगच का? साध्या मोठ्या कोनला ८ डिग्री कलता ठेवून मातीच्या लादीत रोवावं लागतं, लादी ओली राहिली तर भट्टीत फुटते आणि कण ग्लेझवर उडतात. याला पाया आणि कल दोन्ही आधीच आहेत, ठेवला की झालं. फक्त खाली किल्न वॉश (शेल्फला काही चिकटू न देणारा लेप) असू द्या.

न आवडलेलं म्हणजे किंमत. बाहेरून येतात, एकदाच वापरायचे, उभा राहिलेला कोनसुद्धा परत चालत नाही, रोजच्या फायरिंगला ते जाणवतं. शिवाय हजाराच्या वर भट्टीत सगळं एकाच रंगात तापलेलं असतं, भट्टीच्या बघायच्या भोकातून कोन ओळखायला वेल्डिंगची गडद काच लागतेच, उघड्या डोळ्यांनी बघूच नका. आणि थंड होताना जे बिघडतं ते कोन सांगत नाही.

बजेट कमी असेल तर प्रत्येक फायरिंगला नको, पण नवे एलिमेंट, नवं थर्मोकपल किंवा नवीन माती आली की तिन्ही ठेवाच, एरवी मधल्या शेल्फवर एकटा ६ पुरे. ऑर्डर देताना शून्य नीट बघा, ०६ आणि ६ मध्ये दोनशेहून जास्त डिग्रीचा फरक आहे, आणि दोन्ही डबे वेगळ्या फळीवर ठेवा.