युरोलिथिन ए: आठ महिन्यांचा अनुभव, पांडवलेणीच्या पायऱ्यांच्या हिशोबात

वय 67, बीपीची एक गोळी चालू. देवघरापुढच्या पाटावरून उठताना दोन्ही हात जमिनीला टेकवावे लागायला लागले. नाशिकच्या डोंगरावरची पांडवलेणी चढताना चार ठिकाणी थांबत होते. म्हणून डॉक्टरांना विचारून संक्रांतीनंतर युरोलिथिन ए, म्हणजे स्नायूंसाठी घेतात ती पूरक कॅप्सूल, सुरू केली. रोज 500 मिलिग्रॅम, नाश्त्याबरोबर.

भाच्याची सटाण्याजवळ भगव्या डाळिंबाची बाग आहे. बाटली बघून तो म्हणाला, "मावशी, घरचं डाळिंब सोडून हे विकतचं कशाला?" प्रश्न रास्त होता. पण डाळिंबात युरोलिथिन नसतंच. डाळिंबात आणि अक्रोडात एलॅजिटॅनिन नावाची द्रव्यं असतात. पोटात त्यांचं एलॅजिक आम्ल होतं, आणि मोठ्या आतड्यातले ठरावीक जिवाणू त्यावर काम करतात तेव्हा कुठे युरोलिथिन तयार होतं. हे जिवाणू सगळ्यांकडे पुरेसे नसतात. सख्ख्या बहिणींनी एकच डाळिंब अर्धं अर्धं खाल्लं तरी एकीच्या पोटात ते बनेल, दुसरीच्या नाही. मी जन्मभर डाळिंब खात आले. माझ्या पोटात काय बनतं ते देव जाणे. म्हणून तयार कॅप्सूल.

काम काय, तर पेशींतल्या थकलेल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग, मोडीत काढायला मदत करणं. गळकी भांडी मोडीत घातल्याशिवाय मांडणीवर नव्यांना जागा होत नाही, तसंच हे.

पहिले दोन महिने काही म्हणजे काही जाणवलं नाही. पोटाला त्रासही नाही. अडीच महिन्यांनी, रामनवमीच्या सुमारास, पाटावरून उठले आणि लक्षात आलं की एकच हात टेकवला होता. एप्रिलअखेर पांडवलेणीवर थांबे चाराचे दोन झाले. पोटऱ्या भरून येणं कमी झालं. ताकद वाढली असं मात्र म्हणणार नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण अजूनही सूनबाईच उघडून देते.

2022 मध्ये 65 ते 90 वयाच्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही साधारण असंच आहे. रोज 1000 मिलिग्रॅम, चार महिने. हातापायांच्या स्नायूंचा दम वाढला, पण सहा मिनिटांत चालून होणारं अंतर औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा फारसं वेगळं निघालं नाही. माझा डोस त्याच्या निम्मा, हेही लक्षात घ्या.

जुलैत विक्रेत्याने पार्सल पाच आठवडे लटकवलं, आणि आलं ते मुदत संपत आलेलं. मी परत पाठवलं, पैसे मिळायला आणखी महिना गेला. मागवताना मुदतीची तारीख आधी विचारून घ्या. त्या खंडात पहिले तीन आठवडे फरक नव्हता, मग पोटऱ्या पुन्हा जड वाटू लागल्या. पण आषाढातल्या पावसाने माझं गोदापार्कवरचं फिरणंही बंद होतं. दोष कॅप्सूल थांबल्याचा की चालणं थांबल्याचा, हे मला सांगता येणार नाही.

आणखी एक. कॅप्सूल घेत होते त्या काळात मी रोज वाटीभर मटकीची उसळ आणि दुपारी दही वाढवलं होतं, आणि खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठबस करत होते. कॅप्सूलला सगळं श्रेय देणं मला पटत नाही. ज्यांचं जेवणातलं प्रथिनंच कमी आहे त्यांनी आधी तिथे पैसे घालावेत, कारण ही बाटली पेन्शनीवर जगणाऱ्याला जड जाते.

मी दिवाळीपर्यंत घेणार आहे. मग मुद्दाम दोन महिने बंद ठेवून, चालणं मात्र रोज चालू ठेवून, पांडवलेणीवर पुन्हा थांबे मोजणार.