कोरी डिस्क बदलायची की फर्मवेअर?

लग्नाची किंवा भजनाची डीव्हीडी बर्न करताना ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ (लेझरची ताकद डिस्कशी जुळवता न आल्याची सूचना) आली, की दोन वाटा दिसतात: डिस्क बदला, नाहीतर ड्राइव्हचे फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम. आधी डिस्कच बदला.

प्रत्येक कोऱ्या डिस्कवर उत्पादकाचा मीडिया कोड असतो. तो वाचून ड्राइव्ह फर्मवेअरमधली त्या डिस्कची लेझर-पद्धत निवडतो. कोड अनोळखी असला की सरसकट पद्धत वापरतो, आणि मग बहुधा बाहेरच्या कडेचा भाग बिघडतो. इम्गबर्न या बर्निंगच्या प्रोग्रॅममध्ये हा कोड दिसतो. वेष्टनावरच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येतो. बेळगावात पूर्ण स्पिंडल (डिस्कचा गठ्ठा) घेण्याआधी वेगळ्या कोडच्या २ डिस्क आणा, १६एक्स वेगाची डिस्क ८एक्सने लिहा, ‘व्हेरिफाय’ (लिहिलेले तपासण्याची सोय) चालू ठेवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात स्पिंडल उघडा ठेवू नका, दमट हवा डिस्कला मानवत नाही.

फर्मवेअर कधी? एकाच कोडच्या डिस्क सतत फसतात आणि बाकीच्या नीट लिहिल्या जातात, तेव्हा. मॉडेल तंतोतंत जुळले पाहिजे, ट्रे रिकामा हवा. फ्लॅश, म्हणजे नवे फर्मवेअर भरणे, अर्ध्यावर असताना वीज गेली तर ड्राइव्ह कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय हात लावूच नका.

सगळ्याच डिस्क फसत असतील तर दोन्ही उपाय व्यर्थ. लेन्स मळली असेल किंवा लेझर थकला असेल. यूएसबी ड्राइव्ह असेल तर मात्र आधी हब काढून केबल थेट संगणकाला लावा; हबवरून पुरेशी वीज मिळतेच असे नाही.