फ्रॉन्क्स की बलेनो? अकरा महिने आणि तेरा हजार किलोमीटरनंतर

आमच्या गावच्या घराकडे जायला डांबरी रस्त्यापासून दोन-अडीचशे मीटरची पाणंद आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये दोन चाकोऱ्या, आणि चाकोऱ्यांच्या मधोमध गवत माजलेला उंचवटा. २०२३ च्या गणपतीत आमच्या बारा वर्षं जुन्या हॅचबॅकचं चेंबर त्याच उंचवट्यातल्या एका दगडावर बसलं. गाडीत पाच माणसं, डिकीत मखराचं सामान. खाली वाकून पाहिलं तर काळ्या तेलाची बारीक धार गवतावर पडत होती. कणकवलीहून मेकॅनिक आला, त्याने एम-सील थापलं, आणि आम्ही आरती जरा उशिराच केली. नवीन गाडी घ्यायची तर खालून उंच, हे त्या दिवशी घरात सगळ्यांच्या एकमताने ठरलं. आमच्या घरात एकमत होणं ही बातमी असते.

पण पुण्यात आम्ही आंबेगावला राहतो आणि आमच्या सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग आहे, एकावर एक गाड्या चढवायचं. माझा नंबर खालच्या ट्रेचा. खांबावर पाटी आहे : उंची १५५० मिमीपर्यंत. मारुतीची ब्रेझा १६८५ मिमी उंच, म्हणजे ती तिथेच बाद. मारुतीच्याच फ्रॉन्क्सची उंची कंपनीच्या कागदावर बरोब्बर १५५०. बलेनो १५००. म्हणजे माझ्यापुढे गाड्यांचा बाजार भरला होता, पण खांबावरच्या त्या पाटीने दोनच शिल्लक ठेवल्या. टेस्ट ड्राइव्हची फ्रॉन्क्स मी आधी पार्किंगमध्ये नेली, मग रस्त्यावर. अँटेना आडवा करून गाडी आत गेली, वॉचमनने मोबाइलचा टॉर्च लावून वरची फट बघितली आणि म्हणाला, "बसतीय साहेब, पण छपरावर कॅरियर लावू नका."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : या दोन गाड्या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींचा सांगाडा एकच, दोन चाकांमधलं अंतर २५२० मिमी एकच, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं ९० पीएसचं इंजिन एकच, पेट्रोलची टाकी ३७ लिटरची एकच. डॅशबोर्डसुद्धा रंग सोडला तर जवळजवळ तोच. फरक बाहेरच्या पत्र्यात आणि खालच्या अंतरात : बलेनोचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, फ्रॉन्क्सचा १९०. शोरूमवाला फ्रॉन्क्सला सारखा 'एसयूव्ही' म्हणत होता. सरकारदरबारी एसयूव्ही ठरायला चार मीटरच्या वर लांबी आणि १५०० सीसीच्या वर इंजिन लागतं. ही ३९९५ मिमी लांब आणि ११९७ सीसी. कर भरताना छोटी गाडी, फोटो काढताना एसयूव्ही. त्याबद्दल तक्रार नाही, छोट्या गाडीचा कर कोणाला नको आहे?

त्या २० मिलिमीटरबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा जीव त्यातच अडकलाय. बलेनोच्या वरच्या मॉडेलांना १९५/५५ आर १६ टायर येतात, फ्रॉन्क्सला १९५/६० आर १६. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या रुंदीच्या किती टक्के उंचीची बाजूची भिंत. १९५ चे ५५ टक्के १०७, ६० टक्के ११७. म्हणजे वीसपैकी दहा मिलिमीटर निव्वळ टायरच्या रबराचे आहेत, उरलेले सस्पेन्शनचे. हे हिशेब मी कागदावर मांडले तेव्हा आधी फसवल्यासारखं वाटलं. पावसाळ्यानंतर मत बदललं. ती जाडसर भिंत खड्ड्यात जो दणका खाते तो रिममध्ये आणि पाठीत जात नाही. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू आहे, तिथे रस्ता अचानक संपून खडीचा वळणरस्ता सुरू होतो. अशा ठिकाणी मी पूर्वी ब्रेकवर उभा राहायचो. आता वेग कमी करून सरळ घेतो. आणि आणखी एक गोष्ट : हे १९० रिकाम्या गाडीचे आहेत. पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं टाकलं की गाडी बसतेच. भरल्या फ्रॉन्क्सने पाणंदीतल्या उंचवट्याचं गवत दर वेळी खालून झाडून काढलंय, पण दगडाला एकदाही टेकली नाही.

शेवटी फ्रॉन्क्स घेतली, गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५. मॉडेल डेल्टा प्लस, मॅन्युअल गिअर. इथे एक मेख आहे, ती कोणी नीट सांगत नाही. फ्रॉन्क्समध्ये १.२ चं इंजिन हवं असेल तर डेल्टा प्लसच्या वर जाता येत नाही. त्यावरच्या झेटा आणि अल्फाला एक लिटरचं टर्बो इंजिनच घ्यावं लागतं. टर्बो पळतं छान, १४८ एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद आहे, पण मला साधं, चार सिलिंडरचं, दहा-बारा वर्षं ओढणारं इंजिन हवं होतं. मग मागचा वायपर, मागच्या सीटला एसी, कारखान्यातूनच बसवलेला रिव्हर्स कॅमेरा यावर पाणी सोडावं लागलं. बलेनोत तसं नाही, तिथे सगळ्यात वरच्या अल्फालाही हेच १.२ चं इंजिन मिळतं.

शोरूमचं नाव घेत नाही, पण अ‍ॅक्सेसरीजची यादी पुढे सरकवताना "हे किट कंपल्सरी आहे सर" हे वाक्य मी तीनदा ऐकलं. कंपल्सरी काही नव्हतं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी ते लिहून मागितलं, आणि किट ऐच्छिक झालं. आरटीओचा कर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, तेवढं मात्र निमूट द्यावं लागतं.

आता दुखरी नस. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा १ टक्का सेसही गेला. मी सहा महिने आधी घेऊन बसलेलो. माझ्या मेहुण्याने दसऱ्याला बलेनो अल्फा घेतली, आणि मी डेल्टा प्लसला जे पैसे मोजले त्याच्याच आसपास त्याला ती पडली. ३६० अंशांचा कॅमेरा, काचेवर वेग दाखवणारा डिस्प्ले, सगळं. "दाजी, थोडं थांबायला हवं होतंत," असं तो म्हणाला. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की नंतर जेवताना तो विषय निघाला नाही.

पण त्याच्या या खरेदीमुळे मला जे मिळालं ते टेस्ट ड्राइव्हच्या वीस मिनिटांत कोणालाच मिळत नाही. दिवाळीत आम्ही चार दिवस गाड्या बदलल्या. तो फ्रॉन्क्स घेऊन पाचगणीला गेला, मी बलेनो घेऊन पुण्यातच नातेवाईक केले.

पहिल्याच दिवशी कळलं की चालवणाऱ्याला बलेनो जास्त आवडेल. नवले पुलाकडच्या उतारावर लेन बदलताना ती एका जागी चिकटून वळते, फ्रॉन्क्स किंचित कलते आणि मग वळते. हा फरक सांगावा लागतो इतका लहान आहे, पण एकदा लक्षात आला की रोज जाणवतो. मायलेजही बलेनोचं जास्त. कागदावर मॅन्युअल बलेनो २२.३५, फ्रॉन्क्स २१.७९. माझे आकडे टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असे काढलेले : फ्रॉन्क्सला शहरात १४ ते १५, हायवेला ९० च्या वेगाने १९. बलेनोने चार दिवसांत शहरात १५.५ दिलं. चार दिवसांवर फार विसंबू नका. आणि ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे कागदावरचे आकडे आता कुठल्याच गाडीला गाठता येणार नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जाच एक तृतीयांश कमी, त्याला इंजिन काय करणार.

दुसऱ्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे पारडं फिरलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. फ्रॉन्क्समध्ये ती कशी बसते ते मी सहा महिन्यांत कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण बघण्यासारखं काही घडत नव्हतं : दार उघडते, पाठमोरी होते, टेकते, पाय आत घेते. बलेनोत ती टेकायला गेली आणि शेवटच्या क्षणी खाली पडल्यासारखी सीटवर आदळली. उतरताना एक हात दाराला, एक माझ्या खांद्याला, आणि मधे एक थांबा. घरी येऊन दोन्ही गाड्या शेजारी लावून मी टेपने सीटची उंची मोजली. फरक जेमतेम दीड इंच. कुठल्याही माहितीपत्रकात हा आकडा छापत नाहीत, इंजिनाचे मात्र दशांश चिन्हापर्यंत छापतात. फ्रॉन्क्स परत आल्यावर आई म्हणाली, "ह्या गाडीत बसूक बरां. खुर्चेर बसल्यासारखां वाटता." मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? तर म्हणे, बऱ्या गोष्टीबद्दल काय बोलायचं.

मुलीचं मात्र उलटं आहे, आणि हे मी गाडी घेताना पूर्ण विसरलो होतो. फ्रॉन्क्सचं छप्पर मागे उतरत जातं आणि मागच्या खिडकीची खालची कड वर चढत जाते. दिसायला झकास. पण आठ वर्षांच्या पोरीला मागे बसून बाहेरचं फक्त आभाळ दिसतं. तिला गाडी लागते. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटात उतरलो की तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिचा चेहरा पांढरा पडायचा. जुन्या गाडीत हे एवढं होत नव्हतं. शेवटी बायकोने युक्ती काढली : पाठीला टेकू देणारं उंच बूस्टर सीट. त्यावर बसल्यावर तिची नजर खिडकीच्या वर आली, समोरचा रस्ता दिसायला लागला आणि पिशव्यांची गरज निम्म्यावर आली. बूस्टर सुरक्षेसाठी आधीपासूनच असायला हवं होतं, हेही कबूल करतो.

माझा भाऊ सहा फूट. मागे बसला की त्याचे केस छताला लागतात. तो आता पुढेच बसतो आणि आई मागे, आणि मग आईला उतरायला मागचं दार थोडं अरुंद पडतं. म्हणजे आईचा दीड इंचाचा फायदा भाऊ आला की अर्धा जातो. तुमच्या घरात मागे नेहमी दोन उंच माणसं बसणार असतील तर बलेनोच बघा, बाकीचं वाचायची गरज नाही.

डिकी ३०८ लिटर, बलेनोची ३१८. दहा लिटरचा फरक कोणाला कळत नाही. कळते ती डिकीची कड, जी दोन्हीत उंच आहे. पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं आधी छातीपर्यंत उचलायचं आणि मग आत खोल सोडायचं. आंब्याच्या पेट्या मावतात किती हे मोजलंय : दोन एकावर एक अशा चार, आणि वर कपड्यांच्या पिशव्या.

मागची काच लहान आणि तिरकी. पावसात वायपर नसल्याचा खरा त्रास तिथे होतो. ऑगस्टमध्ये गणपतीला जाताना कोल्हापूर सोडल्यापासून मागचं काहीही दिसत नव्हतं, फक्त दिवे. बाहेरून कॅमेरा बसवून घेतला, त्यानेही चिखलात डोळा मिटला. आता दर थांब्याला एक फडकं मारतो, तेवढंच.

इंजिनाबद्दल थोडक्यात : शहरात लोण्यासारखं, हायवेला पुरेसं, भरल्या गाडीने घाट चढताना एसी लावला की दुसरा गिअर. टॉर्क ११३ एनएम आणि तोही इंजिन मिनिटाला ४४०० फेरे घेतं तेव्हा, म्हणजे आवाज करू दिल्याशिवाय ते काम करत नाही. तिसऱ्यात ओढायचा हट्ट केलात तर मागचा ट्रकवाला तुमचा उद्धार करेल. दोन-तीन वेळा करून झाल्यावर मी शिकलो. ज्यांचं गाव घाटाच्या पलीकडे आहे आणि महिन्याला दोन फेऱ्या आहेत त्यांनी टर्बो एकदा चालवून बघावी.

सर्व्हिस आतापर्यंत तीन झाल्या, १०००, ५००० आणि १०,००० ला, तिन्हींची मजुरी फुकट. तिसरीला तेल, फिल्टर, अलाइनमेंट इतकंच. एक खडखड येत होती डाव्या बाजूने, ती निघाली बाहेरून लावलेल्या सिल प्लेटची (दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी), जी मीच हौसेने लावली होती.

तर पुन्हा घ्यायची झाली तर? आई आहे तोवर फ्रॉन्क्स, यात मला शंका नाही. मी एकटा ऑफिसला जाणारा असतो, तर सप्टेंबरपर्यंत थांबून बलेनो घेतली असती.

राहता राहिली पाणंद. जिच्यापायी हे सगळं रामायण झालं, ती जानेवारीत ग्रामपंचायतीने काँक्रीटची केली. गडगा थोडा मागे घेतला, मधला उंचवटा साफ. मागच्या महिन्यात मेहुणा माझ्याआधी गावी पोचला आणि अंगणात उभ्या बलेनोचा व्हिडिओ त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. कॅमेरा मुद्दाम खाली धरून, चाकांखालचं गुळगुळीत काँक्रीट दाखवत.